जमीन पाहून चाक

भिवंडी तालुक्यात आषाढ लागला की ट्रॅक्टरची चाके बदलतात. मृगाच्या सरींवर उखळणी उरकलेली असते, राबावरचे आवण वीतभर वाढलेले असते, आणि खाचरात पाणी साचले की चिखलणीची घाई सुरू होते. त्या दिवसांत पडघ्याच्या किंवा वज्रेश्वरीच्या बाजूला कुठेही जा, शेताच्या तोंडाशी एखादा ट्रॅक्टर उभा असतो, ड्रायव्हर उकिडवा बसून पाना फिरवत असतो आणि मागच्या टायरच्या बाहेरच्या अंगाला लोखंडी चाक आवळले जात असते. हेच केज व्हील. दोन-तीन गोल कडी, त्यांवर अँगलच्या तिरक्या पट्ट्या वेल्डिंगने जोडलेल्या, आणि मध्ये सगळे पोकळ. वर्षाचे बहुतेक महिने ही चाके गोठ्याच्या भिंतीला टेकून गंजत असतात; लावणीच्या महिन्यात मात्र त्यांच्यावाचून कोणाचेच चालत नाही.

माझे घर शेतीचे आणि पोट गोदामाचे. भाऊ भात लावतो आणि मी गोदामांतल्या फोर्कलिफ्टची देखभाल करतो. त्यामुळे चाक या वस्तूकडे दोन्ही बाजूंनी पाहायची सवय लागली. शेतात चाक रुतते म्हणून त्याला बदलावे लागते. गोदामात चाकाला जरासाही उंचसखलपणा सोसत नाही, म्हणून जमीनच बदलून टाकलेली असते. एकाच तालुक्यात, कधी कधी एकाच बांधाच्या दोन बाजूंना, हे दोन्ही प्रकार चालू असतात. कोणता कुठे योग्य, याचा विचार मी बरीच वर्षे करतो आहे, आणि त्याला चालना मिळाली ती भलत्याच ठिकाणी, बर्फात.

आधी चिखलाचे पाहू. रबरी टायरला खाचा असतात त्या पकड घेण्यासाठी. पण भातखाचरातला चिकट गाळ त्या खाचांत भरून बसतो, टायर गुळगुळीत होतो आणि जागच्या जागी फिरू लागतो. फिरता फिरता तो स्वतःसाठी खड्डा खणतो. ड्रायव्हर नवखा असेल तर अशा वेळी तो रेस वाढवतो आणि खड्डा आणखी खोल होतो. शेवटी ट्रॅक्टरचे पोट गाळाला टेकते आणि चाके नुसती हवेत फिरल्यासारखी फिरतात. इंजिनाची ताकद कुठेही गेलेली नसते, ती जमिनीपर्यंत पोचत नसते इतकेच. केज व्हीलमध्ये गाळ साठायला जागाच नसते, तो पट्ट्यांमधून खाली गळून पडतो आणि प्रत्येक नवी पट्टी स्वच्छ धारेने जमिनीत शिरते. टायरला जोडून लावतात ते अर्धे केज. टायर काढून त्याच्या जागी लावतात ते पूर्ण. ज्याला गावोगाव भाड्याने ट्रॅक्टर फिरवायचा असतो तो अर्धे पसंत करतो, कारण काम संपले की बोल्ट सैल करून त्याला पुन्हा डांबरी रस्त्याला लागता येते. लोखंडी पट्ट्यांनी डांबर उखडते, म्हणून ही चाके ट्रॉलीत घालून शेतापर्यंत न्यायची आणि तिथेच चढवायची, ही शिस्त पाळावी लागते.

छोट्या खाचरांत ट्रॅक्टर वळत नाही. तिथे पॉवर टिलर चालतो. तेरा अश्वशक्तीचा टिलर साधारण चारशे किलोचा असतो. त्याची रबरी चाके काढून लोखंडी चाके चढवायला दोन माणसे आणि एक दगड पुरतो. एकाने दांड्यावर भार देऊन एक बाजू उचलायची, दुसऱ्याने दगड सरकवायचा. मागे चालणाऱ्याचे पाय पोटरीपर्यंत गाळात असतात आणि यंत्र मात्र पुढे ओढत असते.

आता बर्फाचे. माझा एक मावसभाऊ कॅनडात स्थायिक आहे, शहराबाहेर, थोड्या जमिनीच्या तुकड्यावर. एका हिवाळ्यात मी त्याच्याकडे राहिलो होतो. त्याच्याकडे चार जाड टायरांची, मोटरसायकलसारख्या हँडलची एटीव्ही आहे. सोलांग किंवा गुलमर्गला गेलेल्या आपल्याकडच्या पर्यटकांनी अशी गाडी पाहिलेली असते. तिथे ती घटकाभर फिरवायला मिळते. मावसभावाकडे ती घरातले काम करणारी गाडी आहे. ती लाकडे ओढते, दारातला बर्फ लोटते, गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला नेते. पहिला मोठा बर्फ पडायच्या आत तिची चाके उतरवायची आणि त्या जागी रबरी पट्ट्यांचे ट्रॅक चढवायचे, हा तिकडचा ठरलेला कार्यक्रम. गॅरेजमध्ये जॅक लावून गाडी उचलली तेव्हा मला तो सगळा खटाटोप भलताच ओळखीचा वाटला. पान्याचा आवाज तोच, आणि हंगाम दारात आल्याची घाईही तीच.

काम वरवर सोपे दिसते. चाक ज्या बोल्टांवर बसते त्याच बोल्टांवर ट्रॅकचा संच बसतो. हा संच त्रिकोणी असतो. वरच्या टोकाला दातांचे चक्र, ते हबला जोडलेले. खाली एका ओळीत लहान लहान चाके. आणि या सगळ्यांभोवती आतून दाते असलेला रुंद रबरी पट्टा. वरचे चक्र फिरले की पट्टा फिरतो. पण इथे एक मेख आहे. त्रिकोण मोकळा सोडला तर अडथळा येताच पट्ट्याऐवजी तो अख्खाच उलटा फिरेल. म्हणून प्रत्येक संचाला एक दांडा जोडून तो गाडीच्या सांगाड्याला बांधावा लागतो. त्रिकोणाने थोडे पुढे-मागे डोलावे, पण गिरकी घेऊ नये, एवढीच मोकळीक त्यात ठेवलेली असते. मग पुढचे दोन्ही ट्रॅक एकमेकांना समांतर आहेत का ते फूटपट्टीने मोजायचे. थोडा जरी तिरपेपणा राहिला तर पट्ट्याची एक कड झिजते आणि हँडल जड होते. शेवटी पट्ट्याचा ताण: सैल राहिला तर तो दातांवरून उडी मारतो, फार ताणला तर बेअरिंग खातो. थोडे अंतर चालवून आल्यावर सगळे बोल्ट पुन्हा आवळायचे. यातली एकही पायरी गाळून चालत नाही.

बाहेर काढल्यावर गाडी बदललेली होती. दातांचे चक्र टायरपेक्षा बरेच लहान असल्याने एका फेऱ्यात गाडी कमी अंतर कापते. ओढ वाढते आणि वेग निदान तिसऱ्या हिश्श्याने उतरतो. वेगाचा काटा मात्र जुन्याच हिशेबाने जास्त दाखवत राहतो. हँडल वळवायला खांद्याचा जोर लागतो. इंजिन सावकाश पण सतत राबते, म्हणून बाहेर उणे तापमान असतानाही आत तापते, आणि रेडिएटरवर बर्फाचा लेप बसला तर आणखीच. रात्री गाडी ओल्या बर्फावर उभी ठेवायची नाही, पट्टे जमिनीला गोठून बसतात. खाली फळ्या टाकायच्या. मावसभाऊ म्हणाला, “दादा, आता ही पळायची नाही. पण बुडायचीही नाही.” समोर कंबरभर बर्फ होता. मी त्यात पाय टाकला तर मांडीपर्यंत गेलो आणि माझ्याहून कितीतरी जड असलेली गाडी वीतभर दबून वरूनच निघून गेली.

याचे गणित साधे आहे, पण ते डोळ्यांदेखत घडताना पाहणे वेगळे. सत्तर किलोचा माणूस एका पायावर उभा राहिला आणि त्याचा तळवा दोनशे चौरस सेंटिमीटरचा धरला, तर दर चौरस सेंटिमीटरवर साडेतीनशे ग्रॅम भार येतो. एटीव्हीच्या मऊ टायरचा भारही ढोबळमानाने साडेतीनशे ते पाचशे ग्रॅमच्या घरात असतो. तीच गाडी ट्रॅकवर चढवली की हा आकडा पन्नास ग्रॅमच्या आसपास उतरतो. वजन उलट वाढलेले असते, कारण ट्रॅक टायरांपेक्षा जड असतात. बर्फाला गाडीच्या एकूण वजनाशी कर्तव्य नसते. त्या वजनापैकी आपल्या प्रत्येक बोटभर जागेवर किती आले, एवढेच त्याला कळते.

तेव्हा माझी समजूत झाली की आमचे केज व्हील आणि त्यांचे ट्रॅक ही एकाच युक्तीची दोन रूपे. घरी परत आल्यावर भावाच्या खाचरात उभा राहून पाहिले तेव्हा लक्षात आले की मामला जवळजवळ उलटा आहे. केज व्हील तरंगत नाही. पट्ट्यांच्या रुंदीने त्याला थोडा आधार मिळतो हे खरे, पण त्याचे मुख्य काम गाळ भेदून खाली जायचे आणि तिथले घट्ट काही धरायचे. हे घट्ट काही म्हणजे खाचराचा तळ. पिढ्यान्‌पिढ्या त्याच जागी चिखलणी झाली की मातीचे बारीक कण खाली बसतात, बैलांच्या आणि माणसांच्या पायांनी दाबले जातात, आणि वीतभर खोलीवर एक कठीण थर तयार होतो. पाणी खाली जिरू न देणारा तो हाच थर. भात त्याच्यावर तगते आणि यंत्रही त्याच्यावर उभे राहते. बर्फाला असा तळ नसतो, किंवा असला तरी फार खाली असतो, म्हणून तिथे वर राहण्यावाचून गत्यंतर नाही. खाचराला तळ असतो, म्हणून इथे खाली जाण्यात शहाणपण.

तळाची ही गोष्ट बैलांना आणि रेड्यांना ठाऊक होती असे म्हणायला हवे. त्यांचा खूर दुभंगलेला असतो. गाळात दाबला की दोन भाग फाकतात आणि भार पसरतो; पाय उचलला की ते मिटतात आणि गाळाची ओढ सुटते. घोड्याचा खूर अखंड, म्हणून तो चिखलात कामाचा नाही. आमच्या लहानपणी चिखलणीला रेडे असत आणि त्यांच्या मागे फळीवर उभे राहायचा हट्ट आम्ही करत असू. ट्रॅक्टर आल्यावर काम लवकर उरकू लागले, पण एक नवा धोका आला. दोन टनांचा ट्रॅक्टर ओल्या खाचरात पुन्हा पुन्हा फिरला आणि त्याच्या पट्ट्यांनी तळ एकदा फोडला की ते खाचर दर वर्षी खोल होत जाते. पाणी टिकत नाही, पुढच्या वर्षी ट्रॅक्टर आणखी रुततो, मग आणखी मोठा ट्रॅक्टर मागवला जातो. अनुभवी ड्रायव्हर म्हणूनच एका जागी फेऱ्या मारत नाही आणि तोंडाशी, जिथून सगळेच आत शिरतात, तिथे यंत्र कधी फिरवत नाही.

खाडीकाठच्या खारजमिनीत तर वेगळीच तऱ्हा. अंजूर, खारबाव, काल्हेरच्या बाजूला उल्हास नदीच्या खाडीला लागून बांध घालून राखलेली जमीन आहे. तिथला गाळ खोल आणि खारट. त्यात ना यंत्र नीट चालत, ना चिखलणीची फारशी गरज. कोकणातल्या खारजमिनीत म्हणून मोड आणलेले बियाणे सरळ चिखलावर फेकायची रहू पद्धत रुजली. यंत्र तिथे नेता येत नाही, तर यंत्र लागणारच नाही अशी शेती करायची. जमिनीशी जुळवून घेण्याचा हाही एक मार्ग, आणि सगळ्यांत स्वस्त.

ट्रॅकचा इतिहास वाचला तेव्हा तो मऊ शेतजमिनीशी जोडलेला निघाला, याचे मला नवल वाटले. बर्फासाठी अमेरिकेतल्या मेन राज्यात आल्विन लोम्बार्ड याने १९०१ साली पेटंट घेतले; जंगलातले ओंडके हिवाळ्यात ओढून आणायला त्याचे वाफेचे यंत्र ट्रॅकवर चालत असे. पण ज्या ट्रॅकने पुढे जग व्यापले तो आला कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनहून. तिथल्या त्रिभुज प्रदेशातली काळी, भुसभुशीत जमीन पिकाला उत्तम, पण वाफेचे अवजड ट्रॅक्टर तिच्यात बुडत. बेंजामिन होल्ट याच्या कारखान्याने आधी चाके रुंद करून पाहिली. ती इतकी रुंद झाली की ट्रॅक्टर वळवणेच अवघड. शेवटी चाके काढून त्यांच्या जागी लाकडी फळ्यांची साखळी बसवली आणि २४ नोव्हेंबर १९०४ रोजी तिची चाचणी घेतली. ट्रॅक्टर तरला. पुढे याच कल्पनेतून पहिल्या महायुद्धातले रणगाडे आले, पण सुरुवात झाली ती एका ओल्या शेतात नांगर चालावा म्हणून.

क्यूबेकमधल्या जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिए याची गोष्ट याहून घरगुती आणि जास्त जिव्हारी लागणारी. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या दुखण्याने गेला; बर्फाने रस्ते बंद होते आणि रुग्णालयापर्यंत पोचता आले नाही. बर्फावर चालणारी गाडी करायची धडपड बॉम्बार्डिए आधीपासून करत होता. १९३७ साली त्याला रबराने मढवलेल्या दातेरी चक्राचे आणि ट्रॅकचे पेटंट मिळाले, आणि सात माणसे बसतील अशी त्याची बर्फगाडी डॉक्टर, पोस्ट, शाळेची मुले यांच्यासाठी धावू लागली. त्याची लहान, एकट्यादुकट्याने चालवायची बर्फावरची स्कूटर १९५९ सालची. मौजेसाठी विकली जाणारी आजची यंत्रे या वंशातली आहेत. सियाचीनसारख्या ठिकाणी आपले जवान ज्या स्नो-स्कूटरवर ये-जा करतात तीही.

हे वाचताना मला आमच्याकडचे पाडे आठवल्याशिवाय राहिले नाहीत. ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतल्या आदिवासी पाड्यांवरून पावसाळ्यात बाळंतीण किंवा साप चावलेला माणूस झोळीत घालून, बांबूला बांधून खांद्यावरून आणावा लागतो, ही बातमी जवळपास दर वर्षी छापून येते. १०८ ची रुग्णवाहिका डांबर संपते तिथे थांबते. पुढचा गाळ माणसांच्या पायांनी तुडवायचा असतो. या पाड्यांना पक्के रस्ते मिळायलाच हवेत, त्यात वाद नाही. पण रस्ता होईपर्यंतच्या पावसाळ्यांसाठी त्या गाळातून जाऊ शकेल असे एखादे वाहन तालुक्याच्या आरोग्य केंद्रात असावे, असा विचार आपल्याकडे रुजला नाही. आपली सारी कल्पनाशक्ती रस्ता होण्याची वाट पाहण्यात गेली. चाक बदलता येते, हे जणू फक्त भात लावणाऱ्यांनाच माहीत होते.

भिवंडीने दुसरी वाट धरली, जमीनच बदलण्याची. जकातीच्या काळात मुंबईच्या हद्दीबाहेर, पण मुंबईला लागून माल ठेवायला जागा हवी होती. ती काल्हेर, कशेळी, राहनाळ, पूर्णा, माणकोली या ग्रामपंचायतींच्या हद्दीत मिळाली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, आणि तरी गोदामे वाढतच गेली. कारण आता कंपन्यांना प्रत्येक राज्यात छोटी छोटी गोदामे ठेवायची गरज उरली नाही, थोडी पण प्रचंड मोठी हवी होती. ऑनलाइन खरेदीने त्यात भर टाकली. आज मुंबई-नाशिक महामार्गाच्या दोन्ही बाजूंना पडघ्यापर्यंत पत्र्याच्या छपरांची रांग दिसते.

भातशेताचे गोदाम कसे होते, ते मी जवळून पाहिले आहे. आधी पोकलेन येतो. त्याच्या खाली लोखंडी ट्रॅक असतात. ज्या ओल्या शेतात डंपर रुतला असता तिथे तो निवांत उभा राहतो. होल्टने मऊ जमीन कसता यावी म्हणून जे काढले, त्याच्यावरच स्वार होऊन मऊ जमीन कायमची मिटवायचे काम सुरू होते. बांध फोडले जातात, डबर आणि मुरूम थराथराने पसरला जातो, प्रत्येक थरावरून रोलर फिरतो. भराव रस्त्याच्या पातळीवर थांबत नाही. ट्रकच्या फाळक्याची उंची जमिनीपासून साधारण चार फूट असते, म्हणून माल सरळ आत ढकलता यावा अशी गोदामाची फरशी तेवढीच उंच घेतात. अख्खी जमीन ट्रकच्या मापाने वर उचललेली असते. वर काँक्रीट, त्याच्यावर टणक लेप. चांगल्या गोदामाची जमीन दर चौरस मीटरला पाच टन भार पेलते असे सांगतात; म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला पाचशे ग्रॅम, तोही सगळीकडे एकसारखा पसरलेला. आमच्या खाचराला एवढ्याने धाप लागली असती.

या फरशीवर जी यंत्रे चालतात त्यांची चाके हा माझा रोजचा विषय. उंच रॅकवरून माल काढणाऱ्या रीच ट्रकची चाके लहान, भरीव, कठीण. ती जमिनीकडून सगळे काही गृहीत धरतात. फरशीचा एखादा सांधा बोटभर उखडला तरी चाकाचे कडे सोलले जाते, वर उंचावरचा माल हलतो आणि चालवणाऱ्याची पाठ धरते. असा ट्रक चुकून बाहेरच्या खडीवर आला तर एका खड्यावर अडकतो. जमीन जितकी तयार करून द्यावी तितके चाक दुबळे होत जाते, आणि चाक दुबळे झाले की जमीन आणखी तयार करावी लागते. बर्फातले ट्रॅक आणि रीच ट्रकचे चाक शेजारी ठेवले तर एकाच वस्तूची दोन टोके दिसतात. एक कुठेही जाते पण हळू. दुसरे जलद जाते, पण फक्त त्याच्यासाठी अंथरलेल्या जागेवर.

गोदामांना नावे ठेवायला मी बसलेलो नाही. माझा पगार तिथूनच येतो. गावातल्या कितीतरी घरांत भाड्याने शिक्षण झाले, लग्ने झाली, पक्की घरे उभी राहिली. भाताच्या एकरी उत्पन्नाशी गोदामाच्या भाड्याची तुलना करायला बसलो तर दुसऱ्या ओळीतच वही मिटावी लागते. लावणीला मजूर मिळत नाहीत, कारण ते गोदामांत माल भरतात, आणि ते तिथे जातात कारण तिथे छप्पर आणि महिन्याचा पगार आहे. हे सगळे खरे आहे.

तरी एक हिशेब राहून जातो, पाण्याचा. एक गुंठा खाचरात साधारण दहा सेंटिमीटर पाणी उभे राहिले तर ते दहा हजार लिटर होते. एकराला चार लाख. वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या तालुक्यात बांध घातलेले प्रत्येक खाचर हे पाणी धरून ठेवायचे आणि सावकाश सोडायचे काम करत असते. त्यावर चार फूट भराव पडला की ते पाणी शेजाऱ्याकडे जाते. शेजारी अजून शेती करत असेल तर त्याचे खाचर तळे होते, आवण कुजते, त्याचा ट्रॅक्टर जास्त रुततो. शिवाय वाट बंद झालेली असते. चारही बाजूंना भराव आणि मधे एक शेत, तिथे केज व्हील लावलेला ट्रॅक्टर न्यायचा कुठून? वर्ष-दोन वर्षांत तोही जमीन देऊन टाकतो. कामवारी नदीचे पाणी भिवंडी शहरात शिरते तेव्हा आपण ढगांकडे पाहतो. जरा वरच्या अंगाला जाऊन बांधांकडेही पाहावे.

म्हणून मला या दोन मार्गांत जो फरक महत्त्वाचा वाटतो तो वेगाचा किंवा पैशाचा नाही. चाक बदलणे हंगामापुरते असते. एप्रिलमध्ये बर्फ वितळला की मावसभाऊ ट्रॅक उतरवतो. लावणी आटोपली की भाऊ केज व्हील धुऊन गोठ्यात नेतो. हा बदल पटला नाही, मोडला, महाग पडला तर पुढच्या वर्षी दुसरे काही करून पाहता येते. होल्टच्या कारखान्याने रुंद चाके करून पाहिली आणि टाकून दिली, त्यात जमिनीचे काही गेले नाही. भरावाला मात्र पुढचे वर्ष नसते. त्याखालचा तळ, जो घडायला पिढ्या लागल्या, मुरूम उकरून कोणी परत मिळवून देणार नाही.

चाक बदलण्याच्याही पुढची एक वाट आहे आणि ती आपल्याच शेजारी निघाली. नेरळजवळच्या सगुणाबागेत शेखर भडसावळे यांनी भाताची एक पद्धत बसवली. एकदा गादीवाफे करायचे, त्यांवर भात टोकायचे, कापणी झाल्यावर मुळे जमिनीतच कुजू द्यायची, आणि पुढच्या वर्षी ना नांगरायचे, ना चिखलणी करायची, ना लावणी. या पद्धतीत तणांचा बंदोबस्त कसोशीने करावा लागतो आणि तणनाशकावर अवलंबून राहावे लागते. शिवाय खोल पाणी साचणाऱ्या खाचरात ती सरसकट चालेल असे नाही. पण तिच्यामागचा विचार मला पटतो. गाळात यंत्र कसे न्यायचे, या प्रश्नाच्या आधी गाळ करायलाच हवा का, असा प्रश्न तिने विचारला. खारजमिनीतल्या रहूने शतकानुशतके हेच विचारले होते.

आमच्याकडेही जागा मागायला माणसे येतात. आमची जमीन दोन प्रकारची आहे: रस्त्यालगतचा थोडा माळ, जिथे वरीसुद्धा जेमतेम यायची, आणि ओढ्याच्या अंगाची खोलगट खाचरे. मागणी दोन्हींना आहे. खाचरांना जरा जास्तच, कारण ती सलग आहेत. भाऊ आणि मी बराच काळ यावर बोललो. भाऊ म्हणाला, “माळ आपणहून कडक आहे, त्याला भराव किती लागणार? खाचर बुजवायचं म्हणजे त्याला खोटं कडक करायचं.” माळ आम्ही भाड्याने दिला. तिथे आता शेड आहे आणि तिच्या भाड्यातून टिलरची दुरुस्ती होते. खाचरे ठेवली, आणि ओढ्याकडच्या दोन तुकड्यांत पुढच्या पावसाळ्यात गादीवाफे करून पाहायचे ठरले आहे.

हा काही आदर्श तोडगा नाही आणि प्रत्येकाकडे माळ असतोच असेही नाही. पण तालुक्याच्या आराखड्यात एवढे तरी पाहता आले असते: कोणती जमीन मुळातच चाकाला पेलणारी आहे आणि कोणती पाणी धरणारी. पहिलीवर शेड उभ्या राहिल्या असत्या आणि दुसरीकडे, जिथे गाळ हाच जमिनीचा गुण आहे, तिथे चाकाने नमते घेतले असते. तालुक्याच्या बऱ्याच भागात अजूनही हे पाहता येईल. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. आषाढात चार दिवस बांधावरून चालले आणि पाणी कुठे थांबते ते टिपून ठेवले, तरी सुरुवात होते.